दारे किती?

तुमच्या घराला दारे किती, असे कोणी विचारले तर तुम्ही त्याच्याकडे जरा संशयानेच पाहाल. दारे मोजायची ती काय? पुढचे एक आणि मागचे एक, झाली दोन. पण थांबा. जिन्याखालच्या अडगळीचे दार यात धरले का? माळ्यावरचे, आजोबांच्या वेळेपासून कोणी न उघडलेले, ते धरले का? शिवाय उत्तर कोण देतो, यावरही पुष्कळ अवलंबून असते. पोस्टमनला विचाराल तर तो एकच दार सांगेल. धुणेभांडी करणारी बाई दुसरेच सांगेल. आणि आमच्या मांजराला बोलता आले असते, तर त्याने असे एक दार दाखवले असते, की ज्याची घरमालकालाही वार्ता नाही!

हा प्रश्न मला गेल्या पावसाळ्यात पडला, तो घराविषयी नव्हे, संगणकाविषयी. होय, संगणकालाही दारे असतात. एक यंत्र दुसऱ्या यंत्राशी बोलते ते या दारांतून. तंत्रज्ञ मंडळी त्यांना नेटवर्क इंटरफेस म्हणतात. आपण आपले दारेच म्हणू. तार खोचायची खोबण हे एक दार. बिनतारी वाय-फाय हे दुसरे. तुमच्या खिशातल्या मोबाइललाही वाय-फायचे एक आणि मोबाइल कंपनीच्या मनोऱ्याकडे तोंड करून असलेले एक, अशी निदान दोन दारे आहेतच. दारावर पाटी असावी तसा प्रत्येकावर पत्त्याचा आकडा असतो. कधी एक, कधी दोन-तीन, तर कधी मुळीच नाही.

यांपैकी एक दार मोठे मौजेचे आहे. ते बाहेर उघडतच नाही! त्यातून धाडलेला निरोप वळसा घेऊन पुन्हा त्याच घरात येतो. माणूस एकटा असताना स्वतःशी पुटपुटतो ना, तशी यंत्राने स्वतःशी बोलण्याची ही सोय. त्याचा पत्ता बहुधा १२७.०.०.१ असा असतो. जुन्या पत्तेपद्धतीत या आत्मसंवादासाठी थोडेथोडके नव्हेत, १ कोटी ६७ लाखांहून अधिक पत्ते राखून ठेवलेले आहेत. पुढे नवी पत्तेपद्धती आली, तिच्यात मात्र यासाठी एकच पत्ता ठेवला. स्वतःशी बोलायला माणसाला तरी किती पत्ते लागतात?

आणखी एक जात आहे ती रंगवलेल्या दारांची. नाटकाच्या पडद्यावर दार रंगवलेले असते. कडीकोयंडाही हुबेहूब दिसतो, पण मागे भिंतच. संगणकात कोणी एखादे काल्पनिक यंत्र थाटले, की त्याच्याशी बोलण्यासाठी अशी दारे उभी राहतात. यादीत ती खऱ्या दारांच्या मांडीला मांडी लावून बसतात.

आता साठी उलटलेल्या गृहस्थाने ही दारे मोजत का बसावे, असे तुम्ही विचाराल. त्याला कारण आमची अभ्यासिका.

मुंबईकर वाचकांना वाशिंद ठाऊक असते ते कसारा लोकलच्या खिडकीतून. टिटवाळा गेले, खडवली गेली, की वाशिंद. कोणी वाशिंद लिहितो, कोणी वासिंद, गाव एकच. या गावाला लोखंडी दार फार लवकर लाभले. कल्याणहून येथवर रुळांची वाट १ ऑक्टोबर १८५५ रोजी सुरू झाली आणि आसनगावपर्यंतचा पुढला तुकडा १८६० च्या फेब्रुवारीत. म्हणजे चार वर्षांवर काळ या फाट्यावरची आगगाडी आमच्या गावी येऊन थांबत असे. माझी स्वतःची नोकरीची वर्षे ठाण्याच्या एका कंपनीत प्रोग्रॅम लिहिण्यात गेली, आणि उरलेला वेळ याच रुळांवर, उभ्याने.

निवृत्तीनंतर आम्ही चार मंडळींनी गावात एका खोलीत अभ्यासिका काढली. आसपासच्या पाड्यांवरची मुले येऊन बसतात. कोणी दहावीची, कोणी पोलीस भरतीची तयारी करणारी. लोकांनी दिलेले चार जुने संगणक तेथे आहेत. एक विंडोजवाला, दोन लिनक्सवाले आणि एक मॅक. चौघे चार घरचे, जणू धर्मशाळेतले पाहुणे. पावसाळ्यात आमच्याकडचे इंटरनेट म्हणजे श्रावणातले ऊन. आले म्हणेपर्यंत गेले. म्हणून पाठ्यपुस्तके आणि जुन्या प्रश्नपत्रिका एकाच संगणकावर साठवून ठेवल्या आहेत. बाकीच्यांनी 'आहे का कोणी?' म्हणून हाक मारायची, कपाटवाल्याने ओ द्यायची आणि हवे ते पुस्तक द्यायचे, अशी योजना. कोणीतरी कुठून तरी आणलेला एक तयार प्रोग्रॅम हे काम करीत असे.

खिडकीजवळच्या लिनक्सवाल्यावर दहावीची एक मुलगी बसायची. दोन कोस चालून यायची. तिच्या पडद्यावर कपाट नेहमी रिकामे. ती काही बोलत नसे. शेजारच्या मुलाच्या पडद्याकडे मान वळवून प्रश्न वहीत उतरवून घ्यायची. त्याने पान उलटले, की हिचे अर्धे राहून जायचे. एके दिवशी मी विचारले, "तुझ्या यंत्रावर पुस्तकं का गं येत नाहीत?"

"यावर नसतील दिली, सर," ती म्हणाली आणि पुन्हा लिहू लागली.

दिली नसतील! म्हणजे यंत्र बिघडले असेल अशी शंकासुद्धा तिला आली नव्हती. काही वस्तू आपल्या वाट्याला येत नाहीत, हे तिने सहज धरून टाकले होते. ते वाक्य मला फार लागले.

माझी पुतणी पुण्याला इंजिनिअरिंग शिकते. ती सुट्टीत आली होती. तिला घेऊन मी त्या यंत्रासमोर बसलो. तासाभरात तिने चोर पकडला.

"काका, हाक जात्येय; पण भलत्याच दारांतून! खरं दार या प्रोग्रॅमला ठाऊकच नाही."

हे कसे होते, ते सांगायला हवे. १९८३ साली अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातून ४.२ बीएसडी नावाची यूनिक्सची आवृत्ती बाहेर पडली. प्रोग्रॅमने इंटरनेटवर कसे बोलावे, याची आज जगभर चालणारी रीत तिच्यामुळे रूढ झाली. दारांची यादी मागण्याची जुनी रीतही तिथलीच. तिचे नाव एस-आय-ओ-सी-जी-आय-एफ-कॉन्फ. उच्चारताना दाताखाली खडा यावा असे नाव. पण काम साधे. प्रोग्रॅमने एक रिकामे ताट पुढे करायचे, आणि यंत्राचा कारभारी, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, त्यात एकेका दाराची मूद वाढत जातो.

ताट लहान पडले तर? येथेच सारी मेख आहे. लिनक्सच्या माहितीपुस्तिकेत स्वच्छ लिहून ठेवले आहे, की न मावणारी दारे वगळली जातील आणि काम यशस्वी झाले असेच कळवले जाईल. रेशनच्या दुकानात पिशवी लहान म्हणून निम्मेच तांदूळ मापावेत आणि कार्डावर पुऱ्या मापाची नोंद करावी, तसला हा प्रकार.

त्या तयार प्रोग्रॅमच्या ताटात पाच मुदींची जागा होती. पहिली मूद स्वतःशी बोलण्याच्या दाराची. पुढच्या चार, यंत्राच्या आधीच्या मालकाने कामासाठी थाटलेल्या रंगवलेल्या दारांच्या. ताट भरले. खरे वाय-फायचे दार होते ते मागाहून खोचलेल्या पेरभर काडीचे. म्हणून त्याचा नंबर सर्वांत शेवटी, सहावा. ते ताटाबाहेर राहिले. कोणी ओरडले नाही, तांबडा दिवा लागला नाही. यंत्र म्हणत होते, सारे ठीक आहे; आणि मुलगी म्हणत होती, यावर नसतील दिली.

"मग ताट मोठं करू," मी म्हणालो.

"किती मोठं? दहाचं केलं आणि कुठे अकरा दारं निघाली, तर?"

याचे उत्तर आमच्या स्वयंपाकघरात अगोदरच तयार होते. आमच्या सौभाग्यवती दिवाळीत फराळाची ताटे शेजारीपाजारी धाडतात. त्यांची रीत अशी, की यादीत जितकी घरे, त्याहून एक ताट जास्त मांडायचे. सारी घरे आटोपली की ते एक रिकामे उरले पाहिजे. "सगळी ताटं गेली, तर यादी पुरी झाली की ताटं संपली, हे कसं कळायचं?" असा त्यांचा सवाल. रिकामे उरलेले ताट हीच पावती. आणि मौज पाहा, प्रोग्रॅम लिहिणारांच्या दोन पिढ्यांचे गुरू रिचर्ड स्टीव्हन्स यांनी आपल्या यूनिक्स नेटवर्कवरील ग्रंथाच्या १९९८ च्या आवृत्तीत याच चालीचा उपाय दिला आहे. एकदा यादी घ्यावी, मग मोठे ताट पुढे करून पुन्हा घ्यावी. दोन्ही खेपा वाढलेले सारखेच भरले, तरच यादी पुरी समजावी. तोवर ताट वाढवीत राहावे. हा माणूस १९९९ साली, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी गेला. पुस्तक मात्र अजून आमच्या धंद्यातल्यांच्या उशाशी असते.

एका यंत्राचे भागले. पण अभ्यासिकेत यंत्रे चार. एकच प्रोग्रॅम साऱ्यांवर चालावा, याला आमच्या धंद्यात पोर्टेबल म्हणतात. दर बारा कोसांवर भाषा बदलते, हे आमच्या शहापूर-मुरबाडकडच्या माणसाला काय सांगावे? कुणबी, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली. जितके पाडे तितक्या बोली. यंत्रांचेही तसेच. हीच १९८३ ची रीत मॅकवर नेली, की पायऱ्या चुकतात. लिनक्समध्ये प्रत्येक दाराची नोंद ठरीव लांबीची असते, रेल्वेच्या पुलाच्या पायऱ्यांसारखी. डोळे मिटून चढावे. १९९० च्या सुमारास बर्कलीवाल्यांनी पत्त्याच्या नोंदीत लांबीचाच एक रकाना घातला, आणि त्यांच्या कुळातल्या यंत्रांत, म्हणजे मॅकमध्येही, नोंदी लहानमोठ्या झाल्या. ही माहुलीगडाची वाट. येथे प्रत्येक पाऊल पाहून टाकावे लागते. एरवी पाय एका नोंदीच्या पोटात पडतो आणि प्रोग्रॅम काहीतरी बरळू लागतो. शिवाय लिनक्समध्ये ही जुनी रीत नव्या पद्धतीचे पत्ते सांगतच नाही.

पुढे बीएसडीच्याच एका शाखेत एक शहाणी रीत निघाली. तिचे नाव गेट-इफ-अॅड्र्स. हिच्यात ताटाची भानगडच नाही. यंत्राने स्वतः हवी तेवढी जागा घ्यायची आणि यादी आगगाडीसारखी जोडून हाती द्यायची. प्रत्येक डब्याला पुढच्या डब्याची कडी. शेवटच्याला कडी नाही, तेथे गाडी संपली. लिनक्सच्या मुख्य संचात ही २००२ साली आली, आणि अँड्रॉइड फोनवरच्या प्रोग्रॅमांना ती थेट मिळायला २०१६ उजाडले. तिलाही पथ्ये आहेतच. एका दाराला तीन पत्ते असले, तर ते दार गाडीत तीनदा भेटते. डबे मोजून दारे मोजली असे मानणारा फसला. काही डबे पत्त्याविना रिकामे असतात. न पाहता आत पाऊल टाकले, की प्रोग्रॅम जागच्या जागी गतप्राण. आणि काम झाले की गाडी कारशेडला परत धाडावी लागते. सी भाषेत वापरलेली जागा आपण होऊन परत करायची असते. मागायला कोणी येत नाही.

इतकी सोयीची रीत, पण पोझिक्स नावाचा जो यूनिक्स घराण्याचा सर्वमान्य कायदा, त्यात तिला जागा नाही. त्या कायद्याने २००१ पासून जी रीत मान्य केली आहे, ती दारांची नावे आणि क्रमांक सांगते. पत्ते सांगत नाही. लग्नपत्रिका हाती यावी, यजमानांचे नाव ठसठशीत असावे आणि कार्यालयाचा पत्ता गाळलेला असावा!

विंडोजचे घराणेच निराळे. त्याला त्याच्या पद्धतीने, गेट-अॅडाप्टर्स-अॅड्रेसेस अशी साद घालावी लागते. तेथे पुन्हा ताट आपणच न्यायचे. पण एका बाबतीत हा गृहस्थ सरळ. ताट लहान असले, तर 'हे पुरणार नाही, इतके मोठे आणा' असे तोंडावर सांगतो. खटपट वाचवायची तर पहिल्या खेपेलाच १५ किलोबाइटचे ताट न्यावे, असा सल्लाही त्याच्या माहितीपत्रकात दिलेला आहे. पाहुण्याला अर्धपोटी उठवून 'जेवण झाले ना?' म्हणण्यापेक्षा हे किती बरे!

नावांची तऱ्हा तर विचारू नका. लिनक्समध्ये पूर्वी तारेच्या दारांना सापडतील त्या क्रमाने ईथ-शून्य, ईथ-एक अशी नावे पडत. आपल्याकडे थोरला, मधला, धाकटा म्हणतात तसे. पण यंत्र पुन्हा सुरू केले, की कधी धाकटा आधी सापडे आणि तोच थोरला होऊन बसे. म्हणून २०१३ पासून दाराला त्याच्या बसण्याच्या जागेवरून नाव देण्याची चाल पडली. ईएनपी-तीन-एस-शून्य असे काहीतरी. फ्री-बीएसडीत नाव पडते ते दार चालवणाऱ्या प्रोग्रॅमवरून, म्हणजे आडनावावरून हाक मारावी तसे. विंडोज आतल्या आत एक लांबलचक सांकेतिक आकडा बाळगतो आणि चारचौघांत सुटसुटीत नाव सांगतो; आपल्याकडे जन्मनाव आणि व्यवहारातले नाव वेगळे असते, त्यातलाच प्रकार. या गोंधळात 'पहिल्या दाराचे नाव अमुकच असणार' असे गृहीत धरून लिहिलेला प्रोग्रॅम शेजारच्या यंत्रावर गेला, की आंधळा होतो. गृहीत धरू नये, विचारावे, हा यातला पहिला धडा.

आम्ही काय केले? विंडोजवर विंडोजला कळेल असे विचारले, लिनक्स आणि मॅकवर गाडी मागवली, आणि तिन्हीकडून आलेली उत्तरे एकाच नमुन्याच्या तक्त्यात उतरवून घेतली: दाराचे नाव, पत्ता, उघडे की बंद, बाहेरचे की स्वतःशी बोलण्याचे. रंगवलेली दारे वगळावीत, असे पुतणीचे मत पडले. पण रंगवलेले कोणते आणि खरे कोणते, हे ओळखण्याची सर्वत्र लागू पडेल अशी खूणच नाही. तेव्हा स्वतःशी बोलण्याचे तेवढे सोडून, प्रत्येक उघड्या दारातून हाक मारायची असे ठरले. भिंतीवर गेलेली हाक फुकट जाईल, फार तर. खऱ्या दाराशी न गेलेली हाक कोणाचे वर्ष फुकट घालवील.

पोर्टेबल या शब्दाचा अर्थ मला या खटाटोपात नव्याने कळला. एकच प्रश्न साऱ्यांना एकाच भाषेत विचारायचा आणि ज्याला कळला नाही तो अडाणी, असा त्याचा अर्थ नाही. ज्याला त्याला त्याच्या बोलीत विचारायचे, आणि उत्तरे मात्र एका मापाने मांडायची. शिरगणतीला पाड्यापाड्यावर हिंडणारी शिक्षक मंडळी हेच तर करतात.

आमच्या तालुक्याला याद्यांचे मोल कोणी शिकवायला नको. भातसा आणि तानसा जलाशयांचे पाणी येथून मुंबईच्या नळाला जाते, आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवरच्या बायका टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. टँकर यादीप्रमाणे फिरतो. यादी चुकीची असली, की भांडता येते. नाव खोडले, तर खोडल्याची रेघ तरी दाखवता येते. पण जे नाव यादीत कधी आलेच नाही, त्याची रेघ नसते. त्या पाड्याकडे दाखवायला कागदच नाही. आणि काही वर्षांनी तो पाडाच म्हणू लागतो, आम्हाला नसेल दिले.

म्हणून अपुऱ्या यादीपेक्षाही, आपण अपुरे आहोत हे न सांगणाऱ्या यादीची मला अधिक धास्ती वाटते. जुन्या मराठी पत्रांच्या अखेरीस मोर्तबाचा शिक्का उमटवीत. मजकूर येथे संपला, याखाली कोणी काही घुसडू नये आणि वरचे कोणी काही गाळू नये. आमच्या प्रोग्रॅमलाही मी तसे एक मोर्तब लावले आहे. यादीखाली एक ओळ येते: 'एकूण दारे इतकी, यादी पुरी.' आणि कोठे विचारण्यात विघ्न आले, तर तितक्याच ठळकपणे: 'यादी अपुरी.'

"काका, ही ओळ कशाला? मुलं काही वाचायची नाहीत," पुतणी म्हणाली.

मी ती ओळ काढली नाही. परवा अभ्यासिकेत डोकावलो, तेव्हा खिडकीजवळची ती मुलगी गणिताची प्रश्नपत्रिका सोडवीत होती, आपल्याच पडद्यावरची. परीक्षा अजून व्हायची आहे, आणि गणित तिला जडच जाते. मला पाहताच तिने तोंड वर केले.

"सर, आज यादी अपुरी म्हणतोय हा. बघता का जरा?"

काडी सैल झाली होती, इतकेच. मी ती दाबून बसवली. यंत्राची तक्रार घेऊन ती आपण होऊन माझ्याकडे आली, अशी ही पहिलीच खेप.